ठरावातले दोन शब्द

सोमा,

तुला मातीत ठेवून आज चौथा दिवस. परतताना तळ्याच्या पाळीवरच लोकांनी तुझी स्तुती सुरू केली होती. किती नम्र होता, किती सोसलं, कधी उलटून बोलला नाही. ज्यांनी तुला सात वर्षं प्रार्थनाघराच्या सपरीत, बाहेरच्या ओसरीवर, चपलांच्या शेजारी बसवलं, तेच हे बोलत होते. आणि त्या सगळ्यांच्या पुढे, हातात पवित्र शास्त्र धरून, मी चालत होतो. घरी पोचायच्या आत ठरलंसुद्धा, येत्या रविवारी उपासनेत तुझी आठवण करायची. "गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं हाय. दोन शब्द तुमीच लिहा."

दोन शब्द. तू असतास तर तोंडावर दुपट्टा धरून हसला असतास.

हा कागद रविवारी मीच उभा राहून वाचणार आहे. तुझा जन्म कुठला, बाप्तिस्मा कधी, मागे कोण कोण, हे यात नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे. लोकांना ठाऊक नाही अशी एकच गोष्ट आहे, आणि ती मी लिहिली नाही तर माझ्याबरोबर मातीत जाईल. मी रागावलेलो आहे. लोकांवर, तुझ्यावर, आणि माझ्यावर तर आहेच. म्हाताऱ्या माणसाने राग गिळावा असं मीच मंडळीला सांगत आलो. आज गिळणार नाही.

मोहापासून सुरुवात करावी लागेल.

माझा बाप मोहाच्या दारूत गेला. हे आरमोरीपासून वैरागडपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, कारण प्रत्येक बाजारात, प्रत्येक सभेत मीच ते उभं राहून सांगितलं. शाळेत मास्तर, मंडळीत वडील म्हणजे तिचा पुढारी, म्हणून माझा शब्द चालायचा. बाप्तिस्मा घेणाऱ्या घराने घरातली सगळी मोहाची फुलं टोपलीत भरून आणायची आणि प्रार्थनाघरासमोर जाळायची, हा नियम माझा. तो शास्त्रात कुठे नाही. आपल्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी सांगितलेला नाही. मी केला आणि मी चालवला. दारूसाठी ठेवलेली फुलंच नव्हेत, सगळी. पावसाळ्यात कोठीतलं धान संपल्यावर बाया जी उकडून पोरांच्या पुढ्यात ठेवतात, तीसुद्धा.

तूही एक टोपली घेऊन आलास. मोह जळताना गूळ करपल्यासारखा वास येतो. तुझी धाकटी त्या वासाने रडायला लागली. तिला वाटलं, खायला मिळणार. तू तिला खांद्यावर घेतलंस आणि सगळ्यांसमोर मला म्हणालास, "गुरुजी, दारू तं माणूस काढते. झाडाले काऊन शिक्षा देऊन राह्यले?"

"मूळच उपटलं पाहिजे," मी म्हणालो.

"मूळ तं माणसाच्या गळ्यात हाय जी. तिथी हात कोन घालन?"

लोक हसले. मी हसलो नाही. हा वाद आपण त्यानंतर वीस वर्षं घातला. बांधावर घातला, विहिरीवर घातला, ब्रह्मपुरीच्या एस.टी.त घातला तेव्हा कंडक्टरही मध्ये पडला. मी बापाचं उदाहरण द्यायचो. तू तुझ्या आईचं द्यायचास. एका वाईट साली तिने चार पोरं मोहावर जगवली होती. माझा बाप मेला म्हणून मी खरा, तुम्ही चौघं जगलात म्हणून तू खरा. आता मी लिहून देतो की तू खरा होतास. पण ते तुला ऐकू जाणार नाही, आणि ऐकून तू जे बोलला असतास ते मला ऐकू येणार नाही. हाही एक राग आहे.

तिशी ओलांडल्यावर तू माझ्याकडे अक्षरं शिकायला आलास. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसायचास, पोरांच्या बाकात गुडघे मावायचे नाहीत. मी विचारलं, आता कशाला हा व्याप? म्हणालास, "तुमी शास्त्र वाचता तवा मधातलं काई सोडता का, ते पाहाचं हाय." मी हे वर्षानुवर्षं गंमत म्हणून लोकांना सांगत होतो. तू प्रत्येक शब्दावर बोट ठेवायचास, ओठ हलवायचास, आणि समजल्याशिवाय बोट पुढे सरकवायचा नाहीस. माझ्या नोकरीत शेकड्यांनी पोरं वाचायला शिकली. असं वाचणारा तू एकटाच.

आणि प्रार्थना. रोवण्याच्या दिवसांत मी एकदा तू मजुरीला होतास त्या धानाच्या बांधीवर आलो. तू चिखलात वाकून रोपं लावत होतास आणि पुटपुटत होतास. मी विचारलं, गाणं म्हणतोस का? म्हणालास, "नाई जी, प्रार्थना करून राह्यलो." मी म्हणालो, डोळे तरी मीट. तू वाकलेलाच राहून म्हणालास, "डोळे मिटले तं रोवणा वाकडा होते. मंग मालकही रागावते आन देवही." मी सुधारणा करायला आलेला माणूस. घरी जाऊन पहिल्यांदा मला वाटलं की माझी प्रार्थना डोळे मिटून केलेली असते खरी, पण तिच्याने एक रोपसुद्धा लागत नाही. तुला हे कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं बरंच होतं. मी तुझ्याशी फक्त वाद घातला.

आता तो शनिवार.

प्रभुभोजनाच्या भाकरीची आणि प्याल्याची तयारी तुझ्याकडे होती. पाळकसाहेब तीन महिन्यांतून एकदा नदीपलीकडून यायचे. त्याआधी मी ब्रह्मपुरीहून मनुके आणायचे, आणि शनिवारी तू ते भिजवून, उकळून, गाळून प्याल्याचा रस करायचास. आपल्या इथे द्राक्षं कोणी पाहिली होती? मनुका हेच आपलं द्राक्ष.

गडचिरोली वेगळा जिल्हा झाला त्या पावसाळ्यातली गोष्ट. गुरुवारी मी ब्रह्मपुरीला गेलो. तिथे दारूबंदीची सभा होती. मी तासभर बोललो. लोकांनी हार घातला. मी हार घेऊन परत आलो आणि मनुके विसरून आलो. शुक्रवारी दुपारी पाळकसाहेब पोचले, संध्याकाळी वैनगंगा चढली. रस्ता बंद. आरमोरीकडचा नालाही भरून वाहत होता. शनिवारी दुपारी तू भांडं लख्ख घासून माझ्या दारात उभा राहिलास. म्हणालास, "मनुके, गुरुजी."

पाळकसाहेब शाळेतच उतरले होते. शंभर पावलांवर. जाऊन "मी विसरलो" म्हणायचं, एवढंच काम होतं. प्रभुभोजन तीन महिने पुढे गेलं असतं, आणखी काही नाही. पण मी वडील होतो, परवाच हार घालून आलेला, आणि गुरुजी काही विसरत नाहीत अशी माझी ख्याती होती. मी तुला म्हणालो, "काहीतरी कर ना बा."

तू भांडं उंबऱ्यावर ठेवलंस. मग म्हणालास, "मनुक्यावानी दिसते असं एकच हाय माह्या घरी. पण तुमी रागवान."

मला कळलं. वाळलेलं मोहाचं फूल मनुक्याशेजारी ठेवलं तर परक्या माणसाला फरक कळत नाही. टोपली जाळलीस, पण एक मडकं ठेवलंस. दर चैतात फुलं वेचून ते भरत होतास, आणि इतकी वर्षं माझ्यापासून लपवलेलं मडकं आज माझीच लाज झाकायला उघडं करत होतास.

मी रागावलो नाही. विचारलं, "किती आहे?"

मी तुझ्या घरी आलो. तुझी बायको, मैनाबाई, चुलीपाशी होती. मी उभ्या उभ्याच तुला सांगितलं, "चांगलं उकळ, लगेच गाळ, आंबू देऊ नको. नशा येता कामा नये. आणि कोणाला बोलू नको."

"आन देवानं इचारलं तं?" तू म्हणालास.

"कोणत्या मनाने केलं ते देव पाहतो."

मोहाच्या बाजूने मी आयुष्यात बोललेलं हे एकच वाक्य.

रविवारी भाकर मोडून झाली, प्याला फिरू लागला. पहिल्या ओळीत सगुणाबाई होत्या, ऐंशीच्या घरातल्या. दात गेलेले, नाक शाबूत. त्यांनी घोट घेतला आणि प्याला ओठांपासून काढलाच नाही. डोळे मिटले. सगळं शांत असताना म्हणाल्या, "अवं माय, हा तं मोह होय. माह्या मायच्या हातचा."

त्या तक्रार करत नव्हत्या. डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नियमाने जी चव त्यांच्या घरातून गेली होती, ती त्यांना प्रभूच्या प्याल्यात परत सापडली होती. पण मागे पोट्टे खिदळले. एक बाई दुसरीला म्हणाली, "मले वाटलंच, वास येऊन राह्यला होता." पाळकसाहेबांनी प्याला घेतला, हुंगला, मेजावर ठेवला आणि वर पांढरं फडकं टाकलं.

दुपारी सभा भरली. पाळकसाहेब वाईट माणूस नव्हेत, हे मी इथे स्पष्ट लिहितो. ते ओरडले नाहीत.

"सोमा, हे तू केलंस?"

"उकळलो मीच, साहेब. मोह माह्या घरचा."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

तू भिंतीकडे पाहिलंस. माझ्याकडे तुझी नजर चुकूनसुद्धा आली नाही.

"कोणी सांगितलं नसेल तर तसं म्हण. माझ्या मनाने केलं, चुकलो, एवढं म्हण. पुढच्या वेळी तुला मेजाशी घेतो."

"चुकलो मनतो, साहेब. मोह लपवून ठेवला, तिथी चुकलो. पण ते दुसरं मनता येत नाई."

"म्हणजे कोणी सांगितलं होतं?"

तू दुपट्टा खांद्यावर सारखा केलास.

पाळकसाहेबांनी सभेकडे पाहिलं. म्हणाले, "कोणाला काही बोलायचं आहे?" छपराच्या कवेलूंवर पाऊस वाजत होता. मी मंडळीचा चिटणीस. ठरावाची वही माझ्या मांडीवर उघडी होती, पेन हातात होतं. मी तोंड उघडलं. आणि म्हणालो, "लिहू का, साहेब?"

"जे झालं ते लिहा," ते म्हणाले.

मी लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं. प्रार्थनाघराचा सेवक सोमा याने स्वतःच्या मनाने प्रभुभोजनाच्या प्याल्यात मोहाचा रस घातला; या ठरावाखाली सही करून तो हे मान्य करेपर्यंत त्याला प्रभुभोजन मिळणार नाही. 'स्वतःच्या मनाने' हे कोणी सांगितलं नव्हतं. तू तर ते म्हणायला नकारच दिला होतास. ते दोन शब्द माझे. पाळकसाहेबांनी वाचलं, मान हलवली. त्यांना वाटलं असेल, मास्तरांनी वाक्य नीट केलं.

वही तुझ्यासमोर आली. दुसऱ्या कोणी अंगठा उठवला असता आणि प्रकरण मिटलं असतं. पण तुला मी वाचायला शिकवलं होतं. तू बोट ठेवून वाचत गेलास, ओठ हलवत, त्या रिकाम्या वर्गात वाचायचास तसं. बोट माझ्या दोन शब्दांवर आलं. पुढे गेलं. परत मागे आलं. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस, त्या दिवशी एकदाच, आणि पेन वहीवर आडवं ठेवलंस.

"हे माह्यानं होत नाई, गुरुजी."

लोकांना वाटलं, सही करणं होत नाही म्हणतोय. ते खोटे दोन शब्द होत नाहीत, हे मला एकट्याला कळलं.

त्यानंतर सात वर्षं. दर तीन महिन्यांनी पाळकसाहेब वही काढायचे. "सही करतोस का, सोमा?" "नाई जी." मग तू उठून सपरीत जायचास. घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले तूच द्यायचास, झाडायचास तूच, पण प्याला फिरायच्या वेळी तू बाहेर. कोणाचं रडकं लेकरू मांडीवर घ्यायचास, विखुरलेल्या चपला जोडीने लावायचास. उपासना संपली की रिकामा प्याला विहिरीवर नेऊन धुवायचास. प्यायची बंदी होती, धुवायची नव्हती. ठराव लिहिताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं म्हणणं सोयीचं आहे. आलं होतं. धुणार कोण, म्हणून मी ते लिहिलं नाही.

तुला गर्विष्ठ म्हणणारे कमी नव्हते. "लय अकड हाय सोमाले. एक सही करून राह्यला नाई." सभेत मीही मान हलवायचो. इतकंच नव्हे. एका रविवारी पाळकसाहेब नसताना मी गर्वावर बोललो. गर्विष्ठ माणूस देवाच्या दाराशी येऊनही आत येत नाही, असं म्हणालो, आणि माझा हात दाराकडे झाला. तू बाहेर कोणाच्या तरी पोराला बाराखडी म्हणून दाखवत होतास. माझ्याकडूनच शिकलेली.

एकट्या सगुणाबाईंना चैन नव्हतं. माह्या जिभेनं घात केला, म्हणायच्या. एकदा त्यांनी आपल्या वाटची भाकर पदरात बांधून तुझ्याकडे आणली. तू घेतली नाहीस. "चोरून देवाचं खाल्लं तं पचन का, मावशी?" त्यांनी मग ती तुझ्याशेजारी बसून एकटीने खाल्ली, आणि तू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिलास, जणू बाहेर त्यांनाच बसवलं होतं. मी खिडकीतून पाहत होतो.

मला कोणी पेत्राचं उदाहरण देऊ नये. मंडळीत कोणी चुकलं की आपण लगेच पेत्राला पुढे करतो. पेत्राने प्रभूला ओळखत नाही म्हटलं, पण पहाट व्हायच्या आत तो रडला होता. मी सात वर्षं जेवलो, झोपलो, दर तीन महिन्यांनी तोच प्याला तोंडाला लावला आणि ओठ पुसून सभेचं कामकाज लिहिलं.

याबद्दल एकदाच बोललो तुझ्याशी. तिसरं वर्ष असेल. विहिरीवर तू प्याला राखेने घासत होतास. मी म्हणालो, "सोमा, करून टाक ना सही. दोन शब्दांनी काय बिघडते?"

तू वर पाहिलं नाहीस. "दोनच तं हायत, गुरुजी. वही तुमच्या घरी राह्यते. तुमीच खोडा ना."

प्याला उन्हात पालथा घातलास, "सलाम, गुरुजी," म्हणालास आणि गेलास. तुला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. शिवी दिली असतीस तर मी तीच धरून बसलो असतो, पहा, हा कसा आहे, म्हणून. तू मला धरायला काहीच ठेवलं नाहीस. तू दर रविवारी सलाम करायचास, माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचास, आणि मी घरी जाऊन त्या वहीकडे पाठ करून बसायचो. लोक म्हणतील, सोमाने गुरुजींची अब्रू राखली. ती तू कशाला राखलीस? एका शब्दाने मी त्याच दुपारी उघडा पडलो असतो, चार दिवस तोंड लपवलं असतं, आणि मग माणसात आलो असतो. तुझ्या गप्प बसण्याने मला सात वर्षांची सवड मिळाली. मी ती सगळी वापरली. हे मी रागाने लिहितो आहे, आणि लिहिताना कळतं आहे की सवड देणाऱ्यावर रागावणं हेसुद्धा माझ्या जुन्याच सवयीतलं आहे.

परवाच्या तापात तू तीन दिवस होतास. नाला उतरला की आरमोरीला न्यायचं ठरलं होतं, नाला उतरला नाही. शेवटच्या दुपारी मैनाबाई पाणी आणायला गेल्या आणि तुझ्या खाटेपाशी मी एकटाच उरलो. अर्धा तास असेल. सगळं बोलता आलं असतं. तू शुद्धीवर होतास. मी तुझ्या कपाळावरचं फडकं ओलं करत राहिलो. तीनदा केलं, वाळलं नसताना केलं. शेवटी तूच बोललास. "रविवारी घंटा तुमी वाजवा, गुरुजी. पहिले तीन टोले सावकाश."

तुला दुसरं काही सुचलं नाही? मी वाट पाहत होतो की तू तरी विचारशील. म्हणजे मरणाऱ्याच्या तोंडूनही मी माझंच काम करून घेऊ पाहत होतो.

काल मी मैनाबाईंकडे गेलो. त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. मी म्हणालो, "मैनाबाई, मला काही सांगायचं आहे."

"मले काय सांगता, गुरुजी? त्या दिवशी चुलीजवळ मीच होती ना."

"मग तुम्ही का बोलला नाहीत कोणाला?"

"त्यानं हात जोडले माह्यासमोर. मने, तू नोको बोलू, गुरुजी सांगतीन. ह्या टायमाले नाई तं पुढच्या टायमाले सांगतीन." सूप थांबलं. "सारे मनून राह्यले, सोमानं लय सोसलं. काई सोसलं नाई त्यानं. तो तुमची वाट पाहून राह्यला होता."

मी माफी मागायला हात जोडले. त्यांनी सूप पुन्हा हलवायला घेतलं.

"मले नोका मागू. चार लोकाइत बसवलं त्याले बाहेर, चार लोकाइत सांगा." आणि मी उंबऱ्याशी पोचल्यावर मागून म्हणाल्या, "आन रविवारचे मनुके आनले ना? नसतीन तं सांगा. मडकं भरलं हाय."

मनुके आणलेले आहेत, मैनाबाई. पाणी उतरल्यावर ब्रह्मपुरीहून आणले, दोन दिवस झाले. यावेळी विसरलो नाही, त्याचं कौतुक मला नको.

तर, सोमा, मी वाट पाहणाऱ्या माणसाला पोचवून आलो. तळ्याच्या पाळीवर लोक तुझ्या सोसण्याचं गुणगान करत होते तेव्हा मला वाटत होतं, हे खोटं आहे, पण कुठे खोटं आहे ते सापडत नव्हतं. ते मैनाबाईंनी दाखवलं. दर तीन महिन्यांनी तू घंटा वाजवलीस, सपरीत जाऊन बसलास, आणि आज गुरुजी उठतील म्हणून दाराकडे कान ठेवलास. अठ्ठावीस वेळा तरी मी उठलो नाही. माझ्या देवावरच्या विश्वासाबद्दल मी भाषणं दिली. तुझा माझ्यावरचा विश्वास मात्र देवावर ठेवावा तेवढा मोठा होता, आणि तो तू चुकीच्या माणसावर ठेवलास. एवढी एक गोष्ट तुला सांगायची राहिली. आभार मानायचे की भांडायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज सकाळी वही उघडली. ते पान सापडायला शोधावं लागलं नाही, वही तिथेच उघडते. 'स्वतःच्या मनाने' यावर मी आडवी रेघ मारली. एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी, म्हणजे मी काय लिहिलं होतं ते पुढच्यांनाही दिसेल. वर लिहिलं, 'माझ्या सांगण्यावरून'. शेजारी माझी सही केली. पुढे आणखी एक ओळ लिहिली, की मोह जाळण्याचा नियम माझा होता आणि तो मी मागे घेतो. मंडळीला तो हवा असेल तर मंडळीने आपल्या नावावर करावा. सगुणाबाई, तुमच्या घरी जे शिजवायचं ते शिजवा.

खाली तुझ्या सहीची जागा कोरी आहे. तिथे मी काही लिहिलेलं नाही. त्या अख्ख्या पानावर सात वर्षं खरी अशी तेवढीच जागा होती.

येता रविवार प्रभुभोजनाचा आहे. पाळकसाहेब येतील. घंटा मी वाजवीन, पहिले तीन टोले सावकाश. हा कागद वाचीन आणि वही मेजावर ठेवीन. मंडळीने माझ्याबद्दल काय ठराव करायचा तो करावा. चिटणीस दुसरा पाहावा, कारण मी लिहायला आत नसेन. भाकर मोडण्याआधी मी बाहेर जाईन. उपासना संपली की प्याला मला आणून द्यावा, विहिरीवर राख ठेवलेली आहे.

सपरीत चपलांच्या शेजारी तुझी जागा आहे. माझे गुडघे दुखतात, खाली बसायला वेळ लागेल.

जरा सरक, सोमा.